विश्लेषण : घर बदलले, विम्याचे काय?

२५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत अनेक घरांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी फ्रिज, कपाटे, गाद्या यांची भरपाई कोण देणार, हा प्रश्न उरतो. नुकतेच घर बदललेल्यांसाठी तो अधिकच अवघड ठरतो.

जुनी पॉलिसी नव्या घराला चालते का?
आपोआप नाही. घरविमा पॉलिसीत नोंदवलेल्या पत्त्यापुरता असतो. म्हणून नव्या घराचा विमा ताबा मिळेल त्या दिवसापासून सुरू करावा आणि सामान हलेपर्यंत जुना बंद करू नये. टेम्पोतील सामानाला यापैकी कोणताही विमा सहसा लागू होत नाही. त्यासाठी वाहतुकीचा वेगळा विमा लागतो.

रक्कम कशी ठरते?
१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड यांचा त्यात समावेश आहे. विमा फ्लॅटच्या बाजारभावावर नाही, तर बांधकामाच्या खर्चावर निघतो. समजा, कार्पेट क्षेत्र ६० चौरस मीटर आणि बांधकामाचा दर ३० हजार रुपये असेल, तर रक्कम १८ लाख होते. सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे.

गैरसमज कुठे होतो?
कर्ज घेताना बँकेतून काढलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदाराच्या मृत्यूनंतर त्यातून कर्ज फिटते, पडलेली भिंत उभी राहत नाही. सोसायटीने काढलेला विमाही इमारतीचा असतो, घरातील टीव्हीचा नाही. साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दागिन्यांचेही तसेच.

भाडेकरूंचे काय?
भिंतींची जबाबदारी मालकाची, सामान मात्र भाडेकरूचे. त्यामुळे भाडेकरूला केवळ सामानाचा विमा काढता येतो.

किल्ली हातात येताच पत्ता, क्षेत्रफळ आणि विम्याची तारीख तपासावी. सामानाचे फोटो आणि बिले मोबाइलशिवाय दुसरीकडेही जपून ठेवावीत. दावा करताना पुरावा म्हणून तीच कामी येतात.