तांबडे धिरडे

आमचे कर्जत म्हणजे रेल्वेचे कर्जत नव्हे, हे मला वर्षातून निदान चार वेळा तरी सांगावे लागते. मुंबई-पुण्याच्या मधले ते कर्जत निराळे. तेथे गाडी थांबते, वडे मिळतात आणि पाऊस धो धो कोसळतो. या तीन गोष्टींपैकी आमच्या कर्जतला वडे तेवढे मिळतात. पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा, त्याच्या दक्षिणेकडचा हा तालुका. गावात गोदड महाराजांचे देऊळ, तालुक्याच्या कडेला भीमेकाठी सिद्धटेकचा गणपती, आणि मधल्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी. दिवाळीला ही ज्वारी नुकती कोठे वर आलेली असते. घरात खायची असते ती मागच्या सुगीची. एवढा भूगोल आधी सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या धाकट्या कन्यारत्नाने घरात एक ठराव मांडला. वय वर्षे दहा. ठराव असा की, नरकचतुर्दशीला पहिल्या आंघोळीनंतर चिवडा-चकलीचे तेच ते ताट पुढे न येता रंगीत, नक्षीची धिरडी यावीत. आईच्या मोबाईलमध्ये तिने तशी पाहिली होती. कोण्या परदेशी आईने मुलांच्या न्याहारीसाठी तव्यावर फुले, मासे आणि इंद्रधनुष्ये काढली होती. तिकडे त्याला पॅनकेक म्हणतात. "पण बाबा, ते आपलं धिरडंच आहे ना?" असे तिने विचारले आणि मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे तेथेच फसलो.

कारण धिरडे हा शब्द निघाला की मला गप्प बसवत नाही. आमच्या भागात 'धिरडे' म्हणणारांचा एक आणि 'धिडरे' म्हणणारांचा एक, असे दोन पक्ष आहेत. 'नुकसान'चे 'नुसकान' होते तसाच हा वर्णविपर्यय. वर्गात शिकवायला याहून चविष्ट उदाहरण नाही. शिवाय नाव बदलले तरी कूळ एकच. कोकणात ते घावन होते, पीठ आंबवले की आंबोळी होते, गोव्याकडे त्याचे पोळे होते. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहविला, त्यात राजाच्या पाकशाळेतला 'धोसक' आहे. म्हणजे पातळ पीठ तापल्या तव्यावर ओतण्याची विद्या आपल्याकडे कोणी जहाजातून आणलेली नाही. हे सर्व मी मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग करायची ना?"

सौभाग्यवतींनी तत्काळ अंग काढून घेतले. "अहो, चार दिवस मी तेलापुढे उभी आहे. ठराव तुमच्या लेकीचा, व्याख्यान तुमचं. तवाही तुम्हीच सांभाळा." न्याय असा की त्यावर अपील नव्हते.

वाचकहो, त्या आठवड्यात मी जे शिकलो ते एखाद्याच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पीठ आमचे ज्वारीचेच. पण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही. नुसते तिचे धिरडे उलथताना तुटते. म्हणून ज्वारीच्या दोन वाट्यांना तांदळाची पिठी अर्धी वाटी आणि डाळीचे पीठ दोन चमचे घ्यावे, मीठ-जिरे घालावे, आणि पळीतून सरसर पडेल इतपत पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवावे. तवा बिडाचा असावा. तेल ओतू नये. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवावा आणि तव्यावर फिरवावा. इथपर्यंत सगळे आईने सांगितले. पुढचा रंगांचा भाग मात्र तिच्या राज्याबाहेरचा होता. ती ओसरीवर वाती वळत होती आणि आमच्याकडे पाहत होती, एवढेच.

बाजारचा रंग वापरायचा नाही, हे आधीच ठरले होते. 2024 साली तमिळनाडूने त्या गुलाबी कापूस-मिठाईवर बंदी घातली, ती तिच्यात कापडाचा रंग सापडला म्हणूनच. तेव्हा जे घ्यायचे ते भाजीवाल्याकडून. पण भाजीचे रंगही माणसांसारखेच असतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. गाजर तेवढे सज्जन निघाले. तव्यावर घाला, कढईत घाला, त्याचा केशरी रंग हलत नाही. पालक मानी. ताक घातलेल्या आंबट पिठात तो रुसतो आणि शेवाळासारखा मळकट होतो. चिमूटभर सोडा घातला की हिरवा राहतो. हळदीचे उलटे. मुलीने सगळ्या वाट्यांत सारखाच न्याय म्हणून हळदीच्या पिठातही सोडा टाकला, आणि पिवळ्या पिठावर बघता बघता तांबडे डाग उठले. ती घाबरली. मी तिला सांगितले की कुंकू याच न्यायाने होते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. तिने विचारले, "मग आजी कपाळाला हळदच लावते?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच आहे, पण ते मला इतकी वर्षे कधी सुचले नव्हते. कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलांचे पाणी निळे आले आणि लिंबाचे चार थेंब पडताच जांभळे झाले; त्या दिवशी मुलीने शेजारपाजारची अर्धी पोरे जमवून हा प्रयोग तिकिटाशिवाय दाखवला.

राहिले बीट. वाटीत याच्याइतका देखणा रंग नाही. परंतु त्याला आच सोसत नाही. लिंबू पिळा, आच मंद ठेवा, काही करा; तव्यावर जरा जास्त वेळ राहिले की गुलाबी जाऊन विटकरी तांबडे होते. आमची बहुतेक बीटाची धिरडी अशी विटकरीच उतरली. मुलीला ती नापसंत नव्हती. "पणतीचा रंग आहे," ती म्हणाली.

नक्षीची युक्तीही सांगून टाकतो. सॉसची रिकामी बाटली धुऊन तिच्यात गडद पीठ भरावे आणि कोमट तव्यावर आधी रेघ काढावी. ती सुकली की तिच्यावर फिके पीठ पातळ ओतावे. उलथले की चित्र वर येते. यात एक खोच आहे. चित्र वर येते ते उलटे येते. डावे उजवीकडे जाते. फुलाला, चांदणीला त्याने काही बिघडत नाही. मी मात्र व्यवसायाला जागून 'शुभ दीपावली' लिहायला गेलो. वीस वर्षे पोरांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाच्या तव्यावरून असे काही अक्षर उतरले की ते कोणत्याच भाषेचे म्हणता येईना. मुलीने ते आनंदाने खाल्ले. पुरावा नष्ट झाला.

चतुर्दशीचा दिवस उजाडला. उटणी झाली, आंघोळी झाल्या, फटाक्यांचा धूर अंगणात रेंगाळत होता. पाटांभोवती रांगोळी निघाली. मुलीने प्रत्येकाचे ताट मांडले. मधोमध चिवडा-लाडू, आणि कडेने हिरवे, केशरी, जांभळे धिरडे. आजीसाठी तिने खास वेगळे काढून ठेवले होते. बीटाचे मोठे थोरले तांबडे धिरडे, आणि त्यावर पांढऱ्या पिठाने काढलेली पणती.

आईने ताटाकडे पाहिले आणि ते हलकेच पुढे सरकवले.

"मला नगं हे. मला आपली भाकरी दे."

मुलीचा चेहरा उतरला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मीही जरा चिडलोच. म्हाताऱ्या माणसांना नवे काही रुचत नाही, असे जे आपण सोयीने धरून चालतो, तेच मी धरले आणि बोललोही. "अगं आई, बीट आहे ते. पोरीनं पहाटेपासून उभं राहून केलंय. एक घास तरी घे."

"पोरीनं चांगलंच केलंय रे," ती म्हणाली. "पण ते मिलोचं दिसतंय."

मिलो हा शब्द आमच्या पिढीने ऐकला आहे, पाहिलेला नाही. 1972च्या दुष्काळात रेशनवर आलेली ती अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिकडे ती मुख्यतः गुराढोरांसाठी पिकवीत. इकडे ती माणसांच्या पिशव्यांत आली. पाऊस गेलेला, विहिरींचे तळ दिसू लागलेले, रब्बीची पेरणीच नाही. बायाबापडे रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. पुस्तकांतून हे मी वाचले आहे आणि वर्गात दुष्काळाच्या कथा शिकवताना सांगितलेही आहे. पण त्या वर्षी माझी आई बारा वर्षांची होती, हा हिशेब मी कधी केला नव्हता.

तो हिशेब त्या सकाळी तिने केला. तिची आई, म्हणजे माझी आजी, खडीवर होती. घरात ही थोरली आणि पाठचा भाऊ पाच वर्षांचा. मिलोची भाकरी थापली की कडेने चिरायची, म्हणून आजी पीठ पातळ करून धिरडीच घालायची. भाऊ ती खायला नकार द्यायचा. विटेची भाकर म्हणायचा. दिवाळीच्या सकाळी आजीने मडक्यातून एक पुरचुंडी काढली. पेरण्यासाठी धरलेल्या बियाण्यातली पांढरी ज्वारी, मूठभर. ती जात्यावर दळली, वाटीत कालवली, आणि तांबड्या धिरड्यावर बोटाने तिची पणती काढली. पीठ एवढेच होते की पणती एकच झाली. ती भावाला दिली. त्याने सगळे धिरडे खाल्ले.

"मला साधं दिलं," आई म्हणाली. "मी म्हटलं, मलाबी काढ. ती म्हणाली, तू मोठी आहेस."

एवढे बोलून तिने पदराने ताटाची कड पुसली. ती पुसण्यासारखी मुळीच नव्हती. आवाजात तक्रार नव्हती. पण पन्नास वर्षे उलटून गेल्यावर, एवढ्या धान्याने भरलेल्या घरात, तिला ते वाक्य जसेच्या तसे आठवत होते. आजी वाईट नव्हती. मूठभर पिठातून दोन पणत्या निघत नव्हत्या, आणि मोठ्या मुलीला समजावता येते एवढाच तिला आधार होता. थोरल्या मुलींना समजावून किती घरांनी किती दुष्काळ काढले असतील!

आपण पदार्थाला रंग देतो तो मौजेसाठी, आणि दिवाळीला मौज करूच नये असे मी म्हणणार नाही. तृणधान्यांचे 2023 साली आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले तेव्हापासून तर शहरांतल्या हॉटेलांत ज्वारीला भलताच मान आला आहे. तांबड्या ज्वारीची धिरडी तेथे कोणी चवीने मागवीलही. त्यात वाईट काही नाही. मिलोसुद्धा अखेर आपल्या ज्वारीचीच बहीण. मात्र ताटात वाढलेला रंग समोरच्याने पूर्वी कोठे पाहिला आहे, हे वाढणाऱ्याला ठाऊक नसते. मी एका आठवड्यात पालकाचा स्वभाव शिकलो, बीटाचा शिकलो. ज्या माऊलीने मला तव्यावर कांदा फिरवायला शिकवले, तिला तांबडे धिरडे का चालत नाही हे मला त्रेचाळीस वर्षांत कळले नव्हते.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाच-सात मिनिटांनी आली ती पांढरे धिरडे घेऊन. साध्या ज्वारीचे, आणि मधोमध गाजराच्या केशरी पिठाची पणती. घाईत ती जरा वाकडी झाली होती. आजीने ते उचलले, उलटून पाहिले, पुन्हा सरळ केले आणि खाल्ले. "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. त्यावर आम्ही सगळे हसलो, कारण मीठ खरोखरच कमी पडले होते.

भाऊबिजेला मामा आला. पुण्याला असतो, निवृत्त झाला आहे, गोड आता जपून खातो. मुलीने त्याच्यासाठी पुन्हा तवा ठेवला. उरलेले बीट होते, त्याचीच धिरडी झाली, तशीच विटकरी, वर पांढरी पणती. मामाने एकामागून एक तीन खाल्ली. मला राहवेना. मी म्हटले, "मामा, असं धिरडं तुम्ही पूर्वी कधी खाल्लं होतं?"

मामाने थोडा विचार केला. "नाही बुवा," तो म्हणाला. "हे तांबडं, नक्षीचं? पहिल्यांदाच. का रे?"

मी आईकडे पाहिले. तिने मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितले, आणि उलथन्यावर चौथे धिरडे घेऊन ती त्याच्या ताटाशी आली.

"खा अजून एक," ती म्हणाली. "पुष्कळ आहे."