रूळ आपल्या हातांनी घाला

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात छोट्या आगगाडीची प्रतिकृती असली, की तिच्याभोवती हमखास गर्दी जमते. बोगदा असतो, पूल असतो, सिग्नलचे दिवे लुकलुकत असतात. पण गाडीखालचे रूळ बहुधा खोक्यातून काढून एकमेकांत अडकवलेले असतात. माझे स्पष्ट मत असे, की या सबंध प्रतिकृतीत शिकण्यासारखे सर्वांत जास्त रुळांतच आहे आणि नेमके तेच आपण विकत आणतो. निदान हातभर रूळ तरी विद्यार्थ्यांनी स्वतः घालावा आणि शिक्षकांनी त्याला गुण द्यावेत.

हा छंद मुख्यतः अमेरिका व युरोपात वाढला. निरनिराळ्या कारखान्यांची चाके व रूळ एकमेकांना जुळावेत म्हणून मापे ठरवणारी छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९३५ साली स्थापन झाली. हाताने रूळ घालण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत लाकडाच्या बारीक स्लीपरांवर इवले खिळे ठोकून रूळ बसवतात. दुसरीत स्लीपर म्हणून सर्किट बोर्डाच्या पट्ट्या घेतात व त्यांवरील तांब्याच्या पातळ थराला रूळ सोल्डर करतात. रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचा असतो. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे.

तयार रूळ मिळत असताना ही माणसे एवढे कष्ट का घेतात? ब्रिटनमधील उदाहरण पाहा. तेथील लोकप्रिय प्रतिकृती मूळ गाडीच्या १/७६ आकाराच्या असतात. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. तेथील खऱ्या रेल्वेचे गेज १४३५ मि.मी. आहे. त्याला ७६.२ या नेमक्या प्रमाणाने भागले, की १८.८३ मि.मी. येतात, पण बाजारातला तयार रूळ १६.५ मि.मी.चा असतो. म्हणजे गाडी योग्य मापाची आणि रूळ मात्र दोन मिलिमीटरांहून अधिक अरुंद! ज्यांना हे खटकले त्यांनी अचूक गेजचे रूळ हाताने घालण्यास सुरुवात केली.

आता हेच गणित आपल्या रेल्वेला लावा. भारतातील ब्रॉडगेज १६७६ मि.मी. आहे. १/८७ या प्रमाणात ते १९.२६ मि.मी. होते. या प्रमाणाचा बाजारातील तयार रूळही १६.५ मि.मी.चाच असतो. मुंबई-पुण्याच्या मेट्रोच्या प्रतिकृतीला तो चालेल, कारण मेट्रोचे गेज १४३५ मि.मी. आहे. पण डेक्कन क्वीन खऱ्या मापात धावायला हवी असेल, तर तो रूळ उपयोगी पडणार नाही. हे एका भागाकाराने समजते. तयार रूळ वापरणाऱ्याला मात्र तो भागाकार करावासाच वाटत नाही.

पुढचा धडा वळणावर मिळतो. काटकोनात वळणारा मार्ग घालताना बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब कापावा? वर्तुळाच्या पाव परिघाचे सूत्र दोन्ही रुळांना लावून वजाबाकी करा. फरक गेजच्या १.५७ पट येतो. त्रिज्या त्यातून निघून जाते! वळण ४० सें.मी. त्रिज्येचे असो की ८० सें.मी.चे, १६.५ मि.मी. गेजला हा फरक सुमारे २६ मि.मी.च राहतो. आपल्या ब्रॉडगेजवर तो सुमारे २.६३ मीटर असतो. मग एकाच आसावर घट्ट बसवलेली दोन चाके इतका कमी-जास्त रस्ता कशी कापतात? रेल्वेच्या चाकाची धाव सपाट नसून किंचित शंकूसारखी, १:२० उताराची असते. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकते. बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर धावते. फार तीव्र वळणावर एवढे पुरत नाही. तेथे चाक रुळावर घासते आणि कर्कश आवाज ऐकू येतो.

रूळ बसवताना अंतर तपासायला तीन पायांचे मापही वापरतात. त्याचे दोन पाय बाहेरच्या रुळावर व एक आतल्या रुळावर ठेवतात. वळणावर हे माप गेज आपोआप किंचित रुंद करते, म्हणजे डब्याची चाके अडकत नाहीत. किती रुंद, हे जीवा व कंस यांच्या भूमितीवरून निघते: दोन पायांमधील अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. पाय ३० मि.मी. अंतरावर आणि त्रिज्या ४५० मि.मी. असेल, तर पाव मिलिमीटर. खरी रेल्वेही वळण तपासताना २० मीटरची जीवा धरून तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर मोजते व याच सूत्राने त्रिज्या काढते.

कोणी म्हणेल, हे खर्चिक आहे आणि अभ्यासक्रमात वेळ कोठे आहे? पहिल्या प्रयत्नाला जर्मन सिल्व्हरची गरज नाही. सर्किट बोर्डाचा तुकडा, २ मि.मी. जाडीची पितळी तार, सोल्डर, एक कानस आणि सरळ फळी पुरे. हाती असलेल्या वाघिणीच्या चाकांना जुळेल ते गेज घ्या. प्रत्येक पट्टीवरील तांब्याचा थर मधोमध कानशीने कापा; नाहीतर एका रुळातली वीज सरळ दुसऱ्यात जाईल. हे मल्टिमीटरने तपासा. सोल्डरिंग मात्र शिक्षकांसमोर आणि हवेशीर खोलीत करा.

तयार रूळ टाकून द्यावेत, असे मी म्हणत नाही. सिग्नलची जोडणी किंवा गाड्यांचे वेळापत्रक शिकायचे असेल, तर तेच सोयीचे. परंतु परीक्षकांना माझी विनंती आहे. रंगवलेल्या डोंगराला गुण देण्याआधी वाघीण उतारावरून दहा वेळा सोडायला सांगा. ती किती वेळा घसरली, कोठे घसरली आणि त्या जागी गेज किती भरले, हे विद्यार्थ्याच्या वहीत लिहिलेले आहे का ते पाहा. दहापैकी तीन वेळा घसरलेली, पण कारणासह नोंद असलेली वाघीण माझ्या मते पहिल्या क्रमांकाची आहे. मोजणे, चुकणे आणि पुन्हा मोजणे याची सवय शाळेत लागली नाही, तर पुढे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती लावणे फार कठीण जाते.