कोणत्या पोर्टवर आहात?

नेटवर्कच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना कमांड तोंडपाठ असतात. आपण या क्षणी कोणत्या मोडमध्ये आहोत, हे विचारले की ती अडखळतात. सिस्कोच्या आयओएसमध्ये याचे उत्तर प्रॉम्प्ट देतो. > दिसले तर जुजबी माहितीच पाहता येते, एनेबल केल्यावर # येते, कॉन्फिगर टर्मिनलनंतर कंसात कॉन्फिग उमटते. परतताना एक्झिट एक पायरी मागे नेते. एंड किंवा कंट्रोल-झेड थेट # वर आणते. परीक्षेला एवढे पुरते.

प्रत्यक्ष कामाला पुरत नाही. इंटरफेस मोडमध्ये शिरल्यावर हाच प्रॉम्प्ट नुसते 'कॉन्फिग-इफ' म्हणतो, कोणता इंटरफेस ते सांगत नाही. चोवीस पोर्टांच्या स्विचवर चोवीस दारांना एकच पाटी! एका दूरच्या शाखेच्या राउटरवर मी रात्री दोन पोर्टांची डिस्क्रिप्शन लिहीत होतो. मध्येच फोन आला. परत बसलो आणि रिकाम्या पोर्टला शटडाउन दिले, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात मी वॅनच्या पोर्टवर होतो. सेशन तिथेच गोठले. बदल सेव्ह केलेला नव्हता, म्हणून सकाळी शाखेतल्या शिपायाने राउटर बंद करून चालू केल्यावर जुने कॉन्फिगरेशन वर आले आणि लिंक उठली. तोवर शाखा रात्रभर तुटलेली होती.

दुसरा धोका कॉपी-पेस्टचा. इंटरफेस मोडमध्ये असताना होस्टनेमसारखी ग्लोबल कमांड दिली, तर आयओएस ती मुकाट्याने स्वीकारतो आणि तुम्हाला ग्लोबल मोडमध्ये आणून सोडतो. पुढे चिकटवलेल्या इंटरफेसच्या ओळी मग नाकारल्या जातात, आणि भराभर सरकणाऱ्या पडद्यावर ते दिसतही नाही.

जुनिपरच्या जुनॉसची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. तिथे बदल कमिट केल्याशिवाय लागू होत नाहीत. 'कमिट कन्फर्म्ड' दिल्यावर 10 मिनिटांत पुन्हा कमिट केले नाही, तर आधीचे कॉन्फिगरेशन आपोआप परत येते. मात्र तिथे # म्हणजे कॉन्फिगरेशन मोड. सिस्कोत नुसते # म्हणजे प्रिव्हिलेज्ड मोड. दोन्ही खिडक्या शेजारी उघडून बसणाऱ्यांनी हे सतत ध्यानात ठेवावे.

आयओएसवर मात्र एंटर दाबताक्षणी बदल लागू होतो. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. शटडाउन देण्याआधी इंटरफेसची ओळ पुन्हा टाइप करा, आत्ताच टाइप केली असली तरी. दूरच्या उपकरणाला हात लावण्यापूर्वी 'रीलोड इन 10' द्या. सेव्ह करायचे का, असे विचारले तर नाही म्हणा. आणि काम नीट झाले की 'रीलोड कॅन्सल' द्यायला विसरू नका.