राक्षसास सद्बुद्धि नसते काय?

गेल्या दिवाळींत भंडाऱ्यास एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. सायंकाळीं माडीवर कॉलेजांतलीं चार मुलें फांसे टाकीत बसलेलीं पाहून आम्ही प्रथम दचकलों. पण तेथें पैशाचा संबंध नव्हता. एकानें कथा सांगावी, इतरांनीं तींतले वीर व्हावें, आणि संकटांतून निभाव लागला कीं नाहीं हें वीस पैलूंच्या फांशानें ठरवावें, असा तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनीं तो १९७४ सालीं काढला. त्या सायंकाळीं वीरांची गांठ राक्षसाशीं पडली होती. वाघाचें मुख, अंगावर उंची वस्त्रें, आणि तळहात उलटे! एका मुलानें विचारलें, “याला आपल्या बाजूस वळवतां येणार नाहीं का?” कथा सांगणाऱ्यानें पुस्तक उघडून पाहिलें व मान हलविली. राक्षस दुष्टच, असें तेथें छापलेलें होतें. विचारणारा मुलगा गोंड कुटुंबांतला होता, हें आम्हांस मागाहून कळलें.

रात्रीं जेवतांना यजमान संतापले. आपल्या राक्षसाची ही विटंबना, तीही दर आवृत्तीस नवी. असलीं पुस्तकें सरकारनें बंद केलीं पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें. त्यांचा पुतण्या हळूच म्हणाला, “काका, खेळच आहे तो!” आम्हांस दोघांचेंही म्हणणें पटलें नाहीं.

यजमानांचा आक्षेप आधीं पाहूं. हा राक्षस वाल्मीकींकडून आलेला नाहीं, हें खरें. डिसेंबर १९७४ मध्यें अमेरिकेंत ‘कोल्चॅक’ नांवाच्या दूरदर्शन-मालिकेंत एक राक्षस दाखविला गेला. ज्याच्यावर आपला विश्वास त्याचेंच रूप तो घेई आणि मंतरलेल्या बाणानें मरे. गायगॅक्स यांनीं तो तेथून उचलला. १९७५ च्या अखेरीस तो त्यांच्या मासिकांत आणि १९७७ सालीं राक्षस-पशूंच्या मोठ्या ग्रंथांत आला. डेव्हिड ट्रॅम्पिअर या चित्रकारानें त्यास वाघाचें डोकें देऊन हातीं पाइप दिला. पुढें त्याचें मरण बदलत गेलें. २००३ मध्यें मंत्राचा बाण गेला. २०१४ मध्यें सज्जनाच्या हातचें जादूचें शस्त्र आलें. २०२५ च्या आवृत्तींत आशीर्वाद पुन्हां परतला. २००९ सालीं भ्रष्ट झालेला देव राक्षसाच्या जन्मास जातो असें ठरलें, तर २०१४ मध्यें त्याचें माहेर नऊ नरकांत गेलें.

आवृत्ति बदलली म्हणून विटंबना झाली, असें ज्यास वाटतें त्यानें आपलेंच घर तपासावें. उत्तरकांडांत ब्रह्मदेवानें निर्मिलेल्या ज्या प्राण्यांनीं ‘आम्ही रक्षण करूं’ म्हटलें, ते राक्षस ठरले. विमलसूरीच्या जैन रामायणांत राक्षस हे मुळीं भुतेंखेतें नव्हेतच. ते विद्याधरवंशी मानव आहेत, आणि रावणास राम नव्हे तर लक्ष्मण मारतो. शेजारच्या रामटेकास राक्षसांच्या संहाराची प्रतिज्ञा झाली असें लोक सांगतात, आणि गडचिरोलीकडचे कांहीं गोंड रावणास पूज्य मानतात. यांतली अस्सल आवृत्ति कोणती, हें कोणा सरकारनें ठरवावें? वाघाच्या मुखाचें म्हणाल तर नागझिऱ्याच्या रानालगत वाघदेवास शेंदूर लावणाऱ्यांस त्याचें हसूं येईल. पण हसूं येणें हा बंदीचा आधार होत नाहीं. नागाच्या बाबतींत याच १९७७ च्या ग्रंथानें अधिक विवेक दाखविला. दुष्ट नागाबरोबर रक्षक व सज्जन नागही त्यांत आहे. पवनीच्या बौद्ध अवशेषांत मिळालेला मुचलिंद नाग ज्यांनीं पाहिला त्यांस तो परका वाटणार नाहीं.

आमची तक्रार निराळी आहे. इतकें सारें बदललें, पण राक्षसाची दुष्टता १९७७ पासून २०२५ पर्यंत एका अक्षरानेंही हलली नाहीं. हें इतरांच्या बाबतींतही असतें तर आम्ही गप्प बसलों असतों. परंतु २०२० सालीं याच प्रकाशकांनीं जाहीर केलें कीं ऑर्क वगैरे जाती जन्मानेंच दुष्ट दाखविणें गैर आहे; त्यांसही माणसांइतकेंच गुंतागुंतीचें मन आहे. २०२४ च्या पुस्तकांत खेळणाऱ्यास स्वतः ऑर्क होतां येतें. टोल्किनच्या कल्पनेंतून काल-परवां आलेल्या ऑर्कास विवेक मिळाला. ज्याच्या कुळांत विभीषण, हिडिंबा व घटोत्कच होऊन गेले, त्यास मात्र नाहीं! कर्णाची अमोघ शक्ति स्वतःवर झेलून अर्जुनास वांचविणारा घटोत्कच यांच्या ग्रंथांत बसत नाहीं. आमच्याकडेही राक्षसांस सदैव न्याय मिळाला असें नाहीं. त्याच्या मरणानें श्रीकृष्णास आनंद झाला, आणि विभीषणास आमच्या भाषेनें ‘घरभेदी’ करून टाकलें. पण त्यांस निवड करतां येते, एवढें तरी आमच्या कवींनीं कधीं नाकारलें नाहीं.

प्रकाशक म्हणतील कीं आमचा राक्षस ही जात नव्हे, नरकांतलें भूत आहे, म्हणून हा प्रश्न उद्भवत नाहीं. त्यास भूत केलें कोणीं? नांव उचललें तेव्हां त्याची आई, बहीण, मुलगा मागें सोडले, आणि आतां त्यास कुटुंब नाहीं म्हणून सद्बुद्धीही नाहीं, हा कोठला न्याय? पुतण्याचें ‘खेळच आहे’ हें म्हणणें येथें लंगडें पडतें. रानांत राहणाऱ्या माणसांस राक्षस म्हणून हिणविण्याची संवय या देशांत जुनी आहे. त्या शब्दापुढें ‘सदैव दुष्ट’ असें छापलेलें पान भंडाऱ्याच्या माडीवर एका गोंड मुलापुढें उघडलें गेलें, आणि त्यानें विचारलेला प्रश्न तेथेंच मिटला.

पुढच्या आवृत्तींत प्रकाशकांनीं घटोत्कचासारख्या एखाद्यास जागा करून द्यावी. तें जमत नसेल तर व्याघ्रमुखी प्राण्यास दुसरें नांव शोधावें. तेवढी कल्पकता त्यांच्यापाशीं खास आहे. तोंवर कथा सांगणाऱ्या त्या मुलास आमची विनंति आहे कीं पान बाजूस ठेवून त्यानें आपल्या मित्रास फांसा टाकूं द्यावा.