पाचशे तासांची सवलत

मुलीला पायलट व्हायचंय म्हटलं की आपल्याकडे आईबाबा आधी अमेरिकेतल्या विद्यापीठांचं रँकिंग काढून बसतात. एम्ब्री-रिडल, पर्ड्यू, नॉर्थ डकोटा. पदवीही होईल, लायसन्सही हातात पडेल, मग आणखी काय हवं? माझं मत वेगळं आहे. पदवी जरूर घ्यावी, पण ती विमान चालवण्याचीच हवी हा हट्ट सोडावा.

त्या पदवीचा खरा फायदा आधी नीट बघू. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं, ५० जीव गेले. त्यातून अमेरिकेत कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही १,५०० तास उड्डाणाची अट लागली. मान्यता असलेल्या विद्यापीठातून ठरलेल्या विषयांसह विमानविद्येची चार वर्षांची पदवी घेतली, तर १,००० तास पुरतात. फायदा तो हाच, ५०० तासांचा. बाकी पदवी मिळते त्या दिवशी लॉगबुकात तास असतात जेमतेम काहीशे. उरलेले बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होऊन, नवशिक्यांच्या शेजारी बसून भरतात. आईबाबांना हे बहुधा पदवीदानानंतर कळतं!

५०० तास कमी नाहीत, हे कबूल. एअरलाइनमध्ये पगार, बेस, सुट्ट्या सगळं सीनियॉरिटीवर ठरतं, त्यामुळे सहा महिने आधी लागणारा जन्मभर पुढे राहतो. पण सवलतीला एक अट चिकटलेली आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता) आणि कमर्शियल लायसन्स त्या विद्यापीठाच्याच मान्य अभ्यासक्रमातून व्हायला हवं. खर्च वाचवायला उन्हाळ्यात घराजवळच्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रुमेंट उरकलं, की सवलतीवर पाणी.

आणि मेडिकल, म्हणजे पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र? शाळेत असताना एडीएचडीचं निदान होऊन गोळ्या चालू झालेली मुलं आपल्यातही आहेत. ती औषधं चालू असताना मेडिकल मिळत नाही, आणि बंद केल्यावरही तपासण्यांत बराच काळ जातो. म्हणून अर्ज भरण्याआधी, डिपॉझिट भरण्याआधी तर नक्कीच, फर्स्ट क्लास मेडिकलचं बघावं. मिळालेलं मेडिकलही पुढे कधी जाऊ शकतं. तिशीत तसं झालं, तर फक्त उड्डाणाची पदवी हाती असलेल्या माणसाने नोकरी कुठे शोधायची? अकाउंटिंग किंवा इंजिनीअरिंग केलेल्याला निदान दुसरं दार असतं. शिवाय डेल्टा एअरलाइनने २०२२ मध्ये पायलटसाठी पदवीची सक्तीच काढून टाकली. पदवी असली तर उत्तम, एवढंच. विषय कुठला, याला मग किती महत्त्व द्यायचं?

तरीही मेडिकल हातात आहे, मुलीचं मन पक्कं आहे आणि कर्ज झेपणारं आहे, तर जाऊ द्या तिला. फक्त कॅम्पस बघायला जाल तेव्हा सिम्युलेटरपुढे फोटो काढून परतू नका. विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, थंडीत किती दिवस उड्डाण रद्द होतं, आणि चार वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती जणांची सगळी रेटिंग्ज वेळेत झाली, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा.