घोड्यांचे पाय मोजणाऱ्यांस

चित्रांविषयी बोलणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींपैकी निम्म्यांशी माझे भांडण आहे, आणि दिवाळीतही ते मिटवावे असे मला वाटत नाही.

एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचे पॅरिसजवळच्या लाँशाँ येथील घोड्यांच्या शर्यतीचे १८६६ सालचे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची छापील प्रत कुणालाही दाखवा, ठरलेला प्रश्न येतोच : "अहो, पण यात घोड्यांचे पाय कुठे आहेत?" पाठोपाठ निकालही येतो, की या इंप्रेशनिस्टांना धड रेखाटता येत नव्हते, म्हणून त्यांनी हा फराटे ओढण्याचा उद्योग काढला. (माने त्यांचा स्नेही खरा, पण त्यांच्या एकाही प्रदर्शनात तो सामील झाला नाही. एवढी चौकशी करायला आक्षेपकांना सवड कुठली!)

आता ज्या चित्रांत पाय मोजता येतात त्यांची गंमत पाहा. तिथे घोडा बहुधा बाजूने रंगवलेला असे. पैसे मोजणार घोड्याचा धनी. त्याला आपल्या जनावराची मान, पाठ, पुठ्ठे सारे ओळखता आले पाहिजे! आणि घोडा धावतो आहे म्हटले, की पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, आणि चारही अधांतरी. झेरिकोसारख्या थोर चित्रकारानेही एप्समच्या डर्बीचे घोडे १८२१ साली असेच उडवले. लोकांनी माना डोलावल्या. पुढे १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग लावून भरधाव घोडीची छायाचित्रे घेतली, तेव्हा कळले की घोडा असा कधी धावतच नाही. चारही पाय जमीन सोडतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा.

म्हणजे नीटस होते तेच खोटे निघाले. मानेने बारा वर्षे आधी काय केले? कोणी प्रेक्षक जिथे उभा राहू धजणार नाही अशा जागी, धावपट्टीच्या मधोमध, त्याने आपल्याला उभे केले आणि घोडे सरळ अंगावर सोडले. कडेला छत्र्या, बग्ग्या, माणसांची गर्दी, मागे टेकड्या, आणि मधून धुळीत मिसळलेला तो काळपट लोंढा. कोणत्याही धन्याला त्यात आपला घोडा ओळखू येणार नाही. चित्र तसे लहानच, रुंदीला ८४ सेंटिमीटरच्या आसपास. तरी छापील प्रतीपुढेही मी नकळत पाऊलभर मागे सरकतो. अंगावर येणाऱ्या घोड्याचे पाय आजवर कोणी मोजले आहेत? घोड्याला चार पाय असतात हे मानेला ठाऊक नव्हते थोडेच! पण त्या क्षणी डोळ्यांना जे दिसले नसते, ते केवळ ठाऊक आहे म्हणून त्याने काढले नाही.

वहीपूजनाच्या दिवशी हिशेब जरूर करावा. पण चित्रापुढे मुनीम होऊन बसणाऱ्यांना पाय मोजायचेच असतील, तर मायब्रिजची छायाचित्रे आहेत. त्यांत घोडीचे चारही पाय चोख मिळतील. माझी हरकत नाही.