फोटोच्या कडेचं नाशिक

जुन्या नाशिकचे म्हणून जे फोटो मोबाइलवर फिरतात, त्यात रामकुंड असतं, काळाराम असतो, सिंहस्थाची गर्दी असते. देव भरपूर, गाव कमी. माझा मेनरोडमागे फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे कारण मला ठाऊक आहे. रोल महाग पडायचा. लग्न, मुंज, फार तर फॉर्मला लावायचा पासपोर्ट फोटो, एवढ्यालाच गिऱ्हाईक होतं. भांडीबाजारात दिवसभर ठोके घालणाऱ्या तांबटाचा फोटो काढायला पैसे कोण देणार?

रोजचं नाशिक चुकून सापडतं ते पुराच्या फोटोंत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, तेवढंच दाखवायला लोकांनी १९६९ च्या महापुरात कॅमेरे बाहेर काढले. माझ्याकडच्या अशाच एका प्रिंटमध्ये मधोमध नुसतं पाणी आहे. पण कडेला बघा: फळीवर चढवलेली धान्याची पोती, सायकल खांद्यावर घेतलेला पोरगा, कासोटा आवरत पायऱ्या चढणारी बाई. मारुतीचं काय, तो अजून जागेवर आहे. ती बाई कोण, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही.

आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोग्राफीच करत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधी भांडवल उभं करताना त्यांनी सावकाराला काय दाखवलं असेल? कुंडीतला एक वाटाणा रुजून वाढताना रोज थोडा थोडा टिपलेला. पौराणिक चित्रपटांच्या जनकाला वाटाण्यावर फिल्म खर्चावीशी वाटली, हे मला फार आवडतं.

आता गावठाणातले वाडे पाडले जातात, तेव्हा सागवानी चौकटीला भाव येतो आणि आतला फोटो कचऱ्यात जातो. आपल्या घरचे फोटो आजच खाली काढा. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गल्ली, अंदाजे साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि हे आजी हयात असताना करा, कारण तिसऱ्या रांगेतली मावशी तिलाच ओळखू येते.

सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल यांवर पैसा ओतला जातोच. त्यातला चिमूटभर महापालिकेने सार्वजनिक वाचनालयाला द्यावा. १८४० पासूनची संस्था आहे, लोकांचा तिच्यावर भरवसा आहे. एक टेबल, एक स्कॅनर, एक विचारपूस करणारा माणूस. फोटो त्याच दिवशी परत. शाही स्नानाचे फोटो मात्र घेऊ नयेत, ते पुष्कळ आहेत. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजाराचे हवेत, नळावरच्या भांडणाचे, टांगा स्टँडचे, धुणं धुणाऱ्या बायांचे. नावांसकट.